अडीचचे तीन

१८ जानेवारी

प्रिय खारूताई,

सकाळी सवयीने दोनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. डॉक्टरांनी तुला महिनाभर तरी तोंडातून शब्द काढायला मनाई केली आहे, कुजबुजसुद्धा नाही, हे तुझ्या दादाने सांगितलं. वर म्हणाला, ऑपरेशन तिच्या घशाचं आणि आराम आपल्या कानांना. हे तुला कळवावं की नाही याचा मी बराच विचार केला. पण तू त्याची धाकटी बहीण आहेस, तुला अंदाज असणारच.

आता कामाचं. छापखान्यातला जुना संगणक गेला. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. म्हणून नवा आणला. तू हे गाव सोडताना लिहून दिलेला ब्रेलचा प्रोग्रॅम मी पेनड्राइव्हवर जपून ठेवला होता, तो नव्यावर उतरवला. तो ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याची सगळ्यात नवी आवृत्ती इन्स्टॉल केली, कारण नवं ते चांगलंच असणार असं मी गृहीत धरलं. प्रोग्रॅम सुरू केला तर पडद्यावर लाल अक्षरं. सगळं काढून पुन्हा टाकलं. पुन्हा लाल अक्षरं. कागदावर ठिपके उठवणारं आपलं यंत्र, तुझा तो सुतारपक्षी, चोच मिटून बसला आहे. सध्या तुम्ही दोघं सारखेच.

एरवी मी तुला आजारपणात त्रास दिला नसता. पण या वेळचं पुस्तक वेगळं आहे. अंधशाळेतल्या गणिताच्या बाई तुला आठवतील, जिना चढतानासुद्धा कुणाशी तरी भांडत येतात त्या. त्यांच्या मुलांना शेवटच्या परीक्षेत आलेखाचा प्रश्न आजवर विचारतच नव्हते. तो वगळायचा आणि सरासरी गुण देऊन टाकायचे, ही परीक्षा मंडळाची पद्धत. बाई कित्येक वर्षं याच्याशी भांडल्या आणि यंदा मंडळाने मान्य केलं. प्रश्न विचारू, पण फेब्रुवारी संपायच्या आत गणिताचं ब्रेल पुस्तक मुलांच्या हातात हवं, आणि त्यातले आलेख अचूक आहेत असं छापखान्याने सहीनिशी लिहून द्यायला हवं. नाहीतर यंदाही सूट. ‘सूट’ हा शब्द बाई शिवीसारखा उच्चारतात.

ती सही मला करायची आहे. काय करू ते ई-मेलने लिही. फोनपेक्षा हे बरंच म्हणायचं. फोनवर तू ‘झालं का, झालं का’ करतेस आणि मी घाबरून भलतंच बटण दाबते.

तुझी,
वहिनी

*

१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

दादाला सांग, त्याच्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. महिन्याभराने व्याजासकट देईन.

इथे माझे हाल ऐक. मी पाटीवर लिहून उत्तरं देते म्हटल्यावर शेजारच्या काकू माझ्याशी मोठमोठ्याने बोलायला लागल्या आहेत. मला ऐकू येतं हे लिहून दाखवलं, तर त्यांनी तेही ओरडून वाचलं.

तुझा रोग मला कळला. प्रोग्रॅम मी लिहिला तेव्हा दुसरी आवृत्ती चालत होती. तिसरी आली तेव्हा बनवणाऱ्यांनी भाषेचे नियमच बदलले. जुन्या नियमांनी लिहिलेलं नवीला वाचता येत नाही, म्हणून ती लाल होते. तेव्हा नवी काढून टाक, जुनी शोधून इन्स्टॉल कर, मग प्रोग्रॅम चालव. एवढंच. पायऱ्या सोबत जोडलेल्या यादीत लिहिल्या आहेत, एकेक करून खूण करत जा.

आणि आतापर्यंत नेमकं काय काय केलंस ते सगळं सांग. ‘काढून पुन्हा टाकलं’ या तीन शब्दांत काहीतरी दडलंय. मी तुला ओळखते. तू खोटं बोलत नाहीस, पण थोडक्यात बोलतेस.

तुझी,
खारू

*

२४ जानेवारी

प्रिय खारूताई,

जुनी आवृत्ती मिळाली, टाकली. तरीही हाक मारली की नवीच उत्तर देते. म्हणजे जुन्या भाडेकरूला खोली दिली, पण दार नवाच उघडतो.

तू विचारलंस म्हणून सगळं सांगते. नवी आवृत्ती मी एकदा टाकली तेव्हा संगणकाने विचारलं होतं, फक्त तुमच्यासाठी की सगळ्यांसाठी. छापखान्यात मी एकटीच कशी वापरणार, असं वाटून दुसऱ्या खेपेला ‘सगळ्यांसाठी’ म्हटलं. पहिली काढायची राहिली असावी. त्यानंतर मी बँकेत गेले असताना तुझ्या दादाने मदत म्हणून स्वतःच्या नावाने खातं उघडून तिसऱ्यांदा टाकली. हे मला काल कळलं. आमच्यात थोडं बोलणं झालं. थोडक्यात सांगितलं तरी चालेल असं बोलणं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती महत्त्वाची नसावी. पण गेल्या पत्रात तू मला जे म्हणालीस ते मनाला लागलं, म्हणून लिहिते. तुझा प्रोग्रॅम हरवू नये यासाठी मी त्याला स्वतंत्र फोल्डर केलं आहे. त्याचं नाव ‘अत्यंत महत्त्वाचे – कृपया कोणीही हात लावू नये’.

तुझी,
वहिनी

*

२५ जानेवारी

वहिनी,

मला हसायलाही बंदी आहे. टाके ताणले जातात. तुझं फोल्डर वाचून मी उशीत तोंड खुपसलं.

अगं, त्या सूचनेचं पालन सगळ्यात आधी जुन्या आवृत्तीने केलं. तिला फोल्डरच्या नावात आपली अक्षरं आणि मोकळ्या जागा कळत नाहीत, त्यामुळे तिने हात लावलाच नाही. फोल्डरला साधं, एका शब्दाचं इंग्रजी नाव दे.

नवीचे दोन अवतार काढून टाक. दादाच्या खात्यातला तिसरा त्याच्या पासवर्डशिवाय निघणार नाही, आणि तो पासवर्ड त्याला आठवत असेल तर मी पाटी खाईन. तो राहू दे. त्याच्या नादी लागू नकोस, वेळ नाही. आपण असं करू, प्रोग्रॅमलाच जुन्या आवृत्तीचा पूर्ण पत्ता देऊ, म्हणजे तो इकडेतिकडे विचारत बसणार नाही. कुठली ओळ बदलायची ते खाली दिलंय. बघ, पळेल.

खारू

*

२९ जानेवारी

प्रिय खारूताई,

पळाला.

पासवर्ड अर्थातच आठवत नाही. पाटी वाचली.

सुतारपक्ष्याने पहिलं पान ठोकायला सुरुवात केली तेव्हा खालच्या मजल्यावरचा शिंपी जिना चढून वर आला. म्हणाला, आवाज बंद होता तर शिलाई वाकडी जात होती, तालच लागत नव्हता. त्यालाही चहा दिला. बाईंना कळवलं की पुस्तक वेळेवर होईल. हे कळवायची मी घाई केली का? पण त्यांचा आवाज ऐकून बरं वाटलं. त्यांनी चक्क आभार मानले, आणि मग आभार मानल्याबद्दल जरा घुश्शातच फोन ठेवला.

तू गेल्यानंतर आपल्याकडे मुद्रितं तपासायला सर येऊ लागले. तू त्यांना भेटलेली नाहीस. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, जन्मापासून अंध. पान बोटांनी वाचतात आणि चूक सापडली की टेबलावर एकदाच टिचकी मारतात. पहिली पाच प्रकरणं त्यांनी वाचली, टिचकी नाही. आज मी घरी जाताना गाणं गुणगुणत होते, असं तुझा दादा सांगतो. मला आठवत नाही, पण नाकारतही नाही.

तुझी,
वहिनी

*

३ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

टिचकी वाजली.

आलेखांचं प्रकरण आलं आणि सर तिसऱ्याच पानावर थांबले. पुन्हा बोट फिरवलं, मग दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. म्हणाले, रेघ लंगडते आहे. मी पान खिडकीशी नेलं, विजेरीचा उजेड तिरका पाडून पाहिलं. पांढऱ्यावर पांढरे ठिपके, मला सरळ रेघ दिसली. आडवे आणि उभे अक्ष त्यांना ठीक वाटतात. काही तिरक्या रेघा मात्र लंगडतात, काही नाही.

अजून एक सांगायला हवं. तुझ्या दादाने पान पाहिलं आणि म्हणाला, इतकं बारीक बघणार कोण. सर म्हणाले, बघणार कोणीच नाही, सगळे हात लावणार आहेत. त्याने पान हळूच खाली ठेवलं. खरं तर मीही तेच म्हणणार होते, तो आधी म्हणाला म्हणून वाचले. मजकूर अचूक आहे, आलेख डोळ्यांना अचूक दिसतात. मी सही केली तर खोटी म्हणता येईल का, असा प्रश्न दिवसभर मनात येतो आहे. तो येतो आहे हेच त्याचं उत्तर असावं.

काय झालं असेल?

वहिनी

*

४ फेब्रुवारी

वहिनी,

घाबरू नकोस. प्रोग्रॅममध्ये काही नाही. तो इतकी वर्षं बिनबोभाट चालला आहे आणि चित्रांच्या भागाला तर आपण हातही लावलेला नाही. लाल अक्षरं कुठे आली का? नाही ना? मग झालं.

यंत्राच्या पिना झिजल्या असणार. झिजलेली पिन ठिपका अर्धवट उठवते, बोटाला तो लागत नाही आणि रेघ तुटल्यासारखी वाटते. पिनांचा नवा संच मागव आणि बदलून घे.

आणि एक आपल्या दोघींत. सरांचं वय किती? थंडीचे दिवस आहेत, वयाबरोबर बोटं बधिर होतात. तू मनाला लावून घेतेस म्हणून सांगते, त्यांच्या प्रत्येक टिचकीवर छापखाना थांबवू नकोस. हे त्यांना वाचून दाखवू नकोस अर्थात.

खारू

*

५ फेब्रुवारी

सौजन्यमूर्ती इंजिनियर बाईंस,

आपलं कालचं पत्र मला आपल्या वहिनींनी वाचून दाखवलं नाही. छापखान्याच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर वाचणाऱ्या आवाजाची एक बाई आहे, ती आलेली सगळी पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवते. तिला कुठे थांबावं हे कळत नाही. आपल्या वहिनी धावत आल्या, पण तोवर ती ‘बोटं बधिर होतात’पर्यंत पोहोचली होती.

वय एकाहत्तर. बोटं शाबूत. थंडीचं म्हणाल तर मी हातमोजे घालून येतो आणि काढून वाचतो.

मी आयुष्यभर राजांच्या सनदा आणि तहनामे शिकवले. त्यात एक गोष्ट शिकलो. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं सत्ताधाऱ्यांना नेहमीच वाटतं. आपल्या प्रोग्रॅमने लाल अक्षरं दाखवली नाहीत एवढाच आपला पुरावा आहे.

घसा लवकर बरा होवो. प्रत्यक्ष भांडायची इच्छा आहे.

– टिचकीवाला

*

१२ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

सरांच्या पत्राला तू उत्तर पाठवलं नाहीस, तेव्हा तू खजील झाली असशील असं मी समजते. ते मात्र खुशीत आहेत. भांडायला माणूस मिळालं म्हणाले.

पिना बदलल्या. यंत्रवाल्याने अर्धा दिवस सुतारपक्षी उघडून ठेवला होता, प्रत्येक स्क्रू त्याच्या चहाच्या कपात पडेल की काय अशी मला धास्ती. नव्या पिनांनी छापलेली रेघ सरांना दिली. ती तशीच लंगडते आहे, फक्त आता ठिपके जास्त टोकदार आहेत. सर म्हणाले, लंगडा होता, आता बूट नवे घातले.

मग मी एक गोष्ट केली. ती मला आधी का सुचली नाही, याचं कारण शोधते आहे. बहुतेक तू म्हणतेस तेच खरं असणार, हे मी आधी ठरवूनच टाकलं होतं. जुन्या संगणकावर छापलेलं एक भूमितीचं पुस्तक कपाटात होतं. त्यात तसलीच एक रेघ आहे, फार उभी नाही, हळूहळू चढणारी. ती सरांना दिली आणि विचारलं, हिच्यावरून चालताना पावलं कशी पडतात ते सांगा. म्हणाले, जिना आहे. दोन ठिपके सपाट, मग एक पायरी वर. पुन्हा दोन, पायरी. दोन, दोन, दोन. मग नवी रेघ दिली. म्हणाले, तीन, पायरी, एक, पायरी. तीन, एक, तीन, एक. पानाच्या टोकापर्यंत तसंच.

खारू, मला यंत्रातलं काही कळत नाही आणि प्रोग्रॅममधलं त्याहून कमी. पण झिजलेली पिन इतकी हिशेबाने चुकत नाही, असं मला वाटतं. चूक इतक्या शिस्तीची असेल तर ती कुणीतरी ठरवून करत असलं पाहिजे. हे तुला लिहिण्याआधी मी सरांकडून सहा वेगळ्या रेघा तपासून घेतल्या. अर्ध्या पायरीने चढणाऱ्या सगळ्या लंगडतात. पूर्ण पायरीने चढणाऱ्या नीट चालतात.

बाईंचा फोन आला होता. मंडळाच्या माणसाने त्यांना हसत विचारलं म्हणे, यंदाही सूटच द्यायची ना. बाईंनी काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही, पण त्यांचा आवाज बसला होता.

तुला वाईट वाटेल म्हणून हे पत्र एक दिवस ठेवून दिलं होतं. आज पाठवते.

वहिनी

*

१३ फेब्रुवारी

वहिनी, वहिनी,

वाईट कसलं वाटतंय. तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले आणि ओरडले असते तर टाके गेले असते. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘सापडलं’ लिहिलं आणि दाखवायला कुणी नव्हतं म्हणून काकूंना दाखवलं. त्यांनी काय हरवलं होतं ते ओरडून विचारलं.

तू लिहिलंस ना, कुणीतरी ठरवून चुकतं आहे. अगदी तसंच आहे. ऐक.

ती रेघ दर ठिपक्याला अर्धी पायरी वर चढते. सुतारपक्ष्याला अर्ध्या जागी ठोकता येत नाही. म्हणून अर्धा, दीड, अडीच, साडेतीन हे सगळे पूर्ण आकड्यांवर ढकलावे लागतात. जुनी आवृत्ती आपल्याला शाळेत शिकवलं तसं करायची, अर्धं आलं की वर ढकल. अर्ध्याचा एक, दीडचे दोन, अडीचचे तीन, साडेतीनचे चार. म्हणून दोन, दोन, दोन असा जिना. नवी आवृत्ती जवळच्या सम आकड्याकडे जाते. अर्ध्याचं शून्य, दीडचे दोन, अडीचचेही दोन, साडेतीनचे चार, साडेचारचेही चार. काढून बघ, तीन आणि एक, तीन आणि एक येतं. तिचाही दोष नाही. मोठ्या बेरजांमध्ये नेहमी वरच ढकललं तर एकूण फुगत जाते, म्हणून ती कधी वर, कधी खाली जाते. हिशेबाला तो न्याय आहे. रेघेला नाही.

आता तू विचारशील, जुनी आवृत्ती चालू असताना नवी आलीच कुठून. दादाच्या खात्यातून. मी मजकुराच्या भागाला जुन्या आवृत्तीचा पूर्ण पत्ता दिला, पण चित्रांचा भाग वेगळा आहे. तो नुसती हाक मारतो आणि जी आधी ‘ओ’ देईल तिच्याकडे काम सोपवतो. ‘राहू दे, वेळ नाही’ हे मीच लिहिलं होतं. आणि तो भाग इतका छोटा आहे की दोन्ही आवृत्त्यांना कळतो, म्हणून लाल अक्षरं आली नाहीत. सरांना सांग, सनदा आणि तहनामे मला मान्य.

चित्रांच्या भागालाही जुना पत्ता देऊन आजचं काम भागेल. पण पुढच्या संगणकावर जुनी आवृत्ती मिळणारच नाही, तेव्हा तुझ्या हातात पुन्हा लंगडी रेघ येईल आणि कदाचित सर नसतील. म्हणून ढकलण्याचं काम आवृत्तीवर सोडायचंच नाही. आपणच सांगायचं: अर्धा मिळव आणि पूर्णाच्या पुढे जे उरेल ते टाकून दे. अडीचमध्ये अर्धा मिळवला की तीन. सव्वादोनमध्ये मिळवला की पावणेतीन, उरलेलं टाकलं की दोन. कुठल्याही आवृत्तीत हेच उत्तर येईल.

चार ओळींचं काम आहे. मी लिहून पाठवू शकते. पण तू लिही. कसं लिहायचं ते खाली समजावलं आहे, नुसतं उतरवून घेऊ नकोस. जिने चूक पकडली तिनेच ती दुरुस्त करावी, असा माझा हुकूम आहे. मुकीने दिलेला.

खारू

*

२१ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

लिहिल्या. चार ओळी.

कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं ते आकडे टाळायला. त्यामुळे पहिल्या दिवशी मी नुसती तुझ्या स्पष्टीकरणाकडे बघत बसले. मग कागदावर अर्ध्यापासून साडेसातपर्यंत सगळे आकडे काढून हाताने केले. मग शंका आली की शून्याच्या डावीकडे काय होईल, आलेखात उणे आकडे असतातच की. ही शंका तुला विचारायला पत्र लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर कळलं की प्रोग्रॅम ठिपके पानाच्या कोपऱ्यापासून मोजतो, तिथे उणं काही नाही. ते पत्र पुसून टाकलं. स्वतःच्या शंकेचं उत्तर स्वतःला मिळालं की काय वाटतं, ते मला ठाऊक नव्हतं. तुला रोज असं वाटतं का?

पहिल्यांदा चालवलं तेव्हा लाल अक्षरं आली. एक कंस मिटायचा राहिला होता. ती लाल अक्षरं बघून मला बरं वाटलं, निदान चूक तोंडाने सांगत होती.

मग परीक्षा घेतली. माझ्या चार ओळी घालून जुन्या आवृत्तीने छापलेली रेघ, त्याच ओळी घालून नवीने छापलेली रेघ, आणि त्या ओळी घालण्याआधीची लंगडी रेघ, अशी पानं तुझ्या दादाकडे दिली. त्याला म्हटलं, पिस आणि एकेक करून सरांना दे, कुठलं कुठलं ते मलाही कळू देऊ नकोस. त्याने हे काम इतक्या गांभीर्याने केलं की त्याच्या पासवर्डचं मी पुन्हा कधी काढणार नाही. पहिल्या पानावर बोट गेलं. काही नाही. दुसऱ्या पानावर टिचकी. मी दाराशी उभी होते, खाली शिंप्याचं यंत्रही नेमकं त्या वेळी थांबलं होतं. तिसऱ्या पानावर सर फार वेळ थांबले. मी मनात म्हटलं, संपलं.

मग त्यांनी विचारलं, पहिलं आणि तिसरं एकच पान दोनदा देताय का.

नव्हतं. एक जुन्या आवृत्तीचं होतं, एक नवीचं. दादाने मागे लिहिलेल्या खुणा पाहिल्या आणि पानं माझ्या अंगावर उधळली. गोळा करायला तोच वाकला, ते वेगळं.

पुढचे दिवस सुतारपक्षी सलग ठोकत होता. सरांनी प्रकरणातला प्रत्येक आलेख पहिल्यापासून वाचला, कारण मी सही करणार होते आणि मला एकही न वाचलेला आलेख चालणार नव्हता. त्यांनी कुरकुर केली, पण मी सांगायच्या आधीच ते पुढच्या पानावर असायचे. काल सही केली. एका झटक्यात, तारखेसकट. आपण केलेल्या गोष्टीची मला सहसा इतकी खात्री नसते, म्हणून हे नोंदवून ठेवते.

पुस्तकं न्यायला बाई स्वतः आल्या. एक पान काढून त्यांनी डोळे मिटले आणि बोट फिरवलं. प्रती न भांडता मोजून घेतल्या. जिन्यावरून उतरताना मात्र शिंप्याशी भांडल्या, त्याच्या कपड्यांचा गठ्ठा वाटेत होता म्हणून. त्या ठीक आहेत.

तुझी,
वहिनी

*

२३ फेब्रुवारी

वहिनी,

आज डॉक्टरांनी घसा तपासला आणि म्हणाले, काहीतरी बोलून दाखवा. महिनाभर मी पहिलं वाक्य ठरवत होते. दादासाठी एक फार जहाल तयार होतं. पण तुझं पत्र छापून पर्समध्ये ठेवलं होतं आणि तोंडातून निघालं, ‘माझ्या वहिनीने प्रोग्रॅम लिहिला.’ आवाज फाटक्या पिपाणीसारखा. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, सध्या एवढंच पुरे.

मी काकूंनाही सांगितलं. आता मी बोलते म्हटल्यावर त्या हळू बोलायला लागल्या आहेत.

सरांना सांग, मे महिन्यात येते. भांडायला.

खारू

*

१७ जून

प्रिय खारूताई,

तू येऊन गेल्यापासून सर रोज विचारतात, ती बडबडी परत कधी येणार. तू हरलीस की ते, यावर अजून त्यांचा आणि तुझ्या दादाचा वाद चालू आहे.

हे पत्र मात्र निकालाचं. आज बाई आल्या. नेहमीप्रमाणे जिन्यावर पावलांचा आवाज, पण भांडण नाही, म्हणून मी दचकून उठले. मंडळाने आलेखाचा प्रश्न विचारला होता. सरळ, इतरांना विचारला तोच. सूट कुणालाच नाही. बाईंच्या बहुतेक मुलांनी तो बरोबर सोडवला. प्रत्येकाचं उत्तर त्यांनी मला सांगितलं, कुणी कुठला बिंदू कसा शोधला, सगळं. मी आणि सर ऐकत होतो. सरांचा हात टेबलावर सपाट पडलेला होता.

मग बाई म्हणाल्या, एकीचा चुकला. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. त्यांना आधी छपाईची शंका आली. आणि खरं सांगते, ऐकताना मलाही तीच आली, त्या क्षणी मला सही आठवली. बाईंनी त्या मुलीला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, छपाईत काही खोट असेल तर सांग, मी मंडळाकडे जाते, छापखान्याला जाब विचारते, तुला गुण मिळवून देते. बाई ते करूनही आल्या असत्या, तुला माहीत आहे.

मुलगी म्हणाली, ‘नका जाऊ बाई. रेघ बरोबर होती. मी चुकले.’

तुझी,
वहिनी